चौदा कंदिलांची गल्ली

आमची खोली घाटकोपरच्या टेकडीवर आहे. दहा बाय पंधराची, अर्ध्या भागावर पोटमाळा. त्या पोटमाळ्याच्या कडेला रस्त्यावरचे अकरा कंदील रांगेने उभे आहेत. चौकोनी, वर रुंद, खाली निमुळते, चारी बाजूंना काचा, डोक्यावर पत्र्याची टोपी आणि टोपीवर एक कडी. अकराही सारखेच. त्यांच्या मागे आणखी दहाबारा वेगवेगळ्या जातीचे दिवे आहेत, पण खोलीत येणाऱ्याला दिसतात ते हे अकरा. माणूस मान वर करून विचारतो, "हॉटेलाचं काम घेतलंय काय?" मी म्हणतो, "नाही, छंद आहे." छंद म्हटलं की लोक पुढे काही विचारत नाहीत.

मी एकवीस वर्षं रस्त्यावरचे दिवे लावायचं, काढायचं आणि दुरुस्त करायचं काम केलं. कायम नोकरी कधीच नव्हती. ठेकेदार बदलायचे, आम्ही तेच राहायचो. त्यातली अठरा वर्षं मी एकाच माणसाबरोबर होतो. तो कोकणातला, राहायला कांदिवलीला. मी मराठवाड्यातून आलेल्या आईबापांचा, जन्म इथलाच. पहिल्या दिवशी त्याने मला विचारलं होतं, "वर चढणार की खाली धरणार?" मी म्हटलं, "खाली धरतो." तेवढ्यावर अठरा वर्षं गेली. तो वर, मी खाली.

तो हळू काम करायचा. बाकीच्या जोड्या दिवसाला जेवढे खांब उरकायच्या, त्याच्या निम्मे आमचे व्हायचे. मुकादम ओरडायचा, हा ऐकून घ्यायचा आणि परत तसंच करायचा. काढलेल्या दिव्याची काच फुटलेली त्याला खपायची नाही. जुना दिवा भंगारातच जाणार असला तरी नाही. मी एकदा म्हटलं, "अरे, तिकडे नेऊन हातोडाच मारणार आहेत त्याच्यावर." तो म्हणाला, "त्यांका मारूंदे. आपल्या हातात फुटता नये." चहाही तो घरून थर्मासमध्ये आणायचा, टपरीवरचा घ्यायचा नाही. मला अर्धा द्यायचा. साखर कमी असायची. मी कधी बोललो नाही.

मग एलईडी आले. सगळ्या उपनगरांत जुने दिवे उतरवून नवे चढवायचं काम निघालं. लांबट पेटीचे पिवळे दिवे, त्याआधीचे घुमटासारख्या काचेचे, सगळे उतरले. त्यात मुलुंडची एक गल्ली आमच्याकडे आली. छोटी, टोकाला बंद. दोन्ही बाजूंना जुने बंगले, त्यातले निम्मे पाडून इमारती झालेल्या. त्या गल्लीत बिडाचे बुटके खांब होते आणि खांबांवर कंदील. एकूण चौदा. कोणी बसवले, कधी बसवले, कोणालाच सांगता येत नव्हतं. मुकादम म्हणाला, "खांब नंतर क्रेनने जातील. तुम्ही कंदील उतरवा."

काम दोन दिवसांचं होतं. पहिल्या दिवशी आठ उतरवले. एका बंगल्यातल्या आजी फाटकात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं, "नवे पण असेच लावणार ना?" मी काही बोलायच्या आत माझा जोडीदार वरून म्हणाला, "होय आजी, असेच." आजी आत गेल्या. मी म्हटलं, "खोटं कशाला बोललास?" तो म्हणाला, "त्यांना आज झोप लागूंदे ना रे."

त्या दिवशी उतरवलेल्या एका कंदिलाला येणाऱ्या-जाणाऱ्याची लाथ लागून तडा गेला. जोडीदार ते मनाला लावून बसला. घरी जाईपर्यंत तेच बोलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही नवव्या कंदिलाला लागलो. शिडी ॲल्युमिनियमची, खांबाला टेकवलेली. खरं तर अशा कामाला तीन माणसं लागतात, एक वर, एक शिडीला, एक सामान घ्यायला. आम्ही दोघेच होतो. दोघेच असायचो. त्याने बुडाचे बोल्ट सोडवले, कडीत दोरी घातली आणि कंदील खाली सोडला. एरवी मी एक पाय शिडीच्या खालच्या पायरीवर ठेवायचो, कंदील हातात घ्यायचो आणि पायाशीच ठेवायचो. त्या दिवशी तो वरून म्हणाला, "हयसर नको. भिंतीकडे नेऊन ठेव. सांभाळ रे, काच फुटतली."

भिंत चार पावलांवर होती. मी दोन्ही हातांनी कंदील धरून चार पावलं गेलो. वाकलो. फरशी वरखाली होती, म्हणून तो डगमगतो का ते बघून जरा सरकवला. तेव्हा मागे आवाज झाला.

मी वळलो तेव्हा शिडी आडवी होती आणि तो फुटपाथच्या कडेला डोकं लागून पडला होता. डोळे उघडे होते. मी हाक मारली. आजी फाटकातून धावत आल्या. रिक्षा थांबवली, मी त्याला मांडीवर घेतलं, हॉस्पिटलात नेलं. दुपारी दोनला डॉक्टरांनी सांगितलं की तो गेला.

तेव्हा मला काय वाटलं, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे सांगायला फारसं काही नाही. डबा माझ्या पिशवीत होता. त्याची बायको यायला वेळ होता. मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून डबा खाल्ला. बटाट्याची भाजी आणि तीन चपात्या. पूर्ण खाल्ला. भाजीत मीठ कमी होतं की जास्त, ते कळलं नाही. समोर बसलेली एक बाई माझ्याकडे बघत होती. माझ्या शर्टावर डाग होते आणि मी जेवत होतो.

त्याची बायको आली ती शाळेच्या शिपायाच्या निळ्या साडीतच. शाळेतूनच धावत आली होती. तिने मला विचारलं, "भावोजी, काय झालं?"

मी म्हटलं, "वहिनी, शिडी सरकली."

पोलिसांनी विचारलं, मुकादमाने विचारलं. सगळ्यांना हेच सांगितलं. शिडी सरकली. ते खोटं नव्हतं. शिडी सरकली तेव्हा तुझे हात कुठे होते, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस म्हणत राहिलो.

एक दिवस सोडून मी कामावर गेलो. दुसरा माणूस दिला होता. उरलेले पाच कंदील आम्ही उतरवले. मी खाली शिडी धरली. आजींचं फाटक बंद होतं. चौदा कंदील टेम्पोत भरून गेले, नवे खांब आले, नवे दिवे लागले. तेराव्याला मी कांदिवलीला गेलो, ताटं वाढली, पाणी फिरवलं. त्याची मुलगी तेव्हा कॉलेजात होती. ती मला म्हणाली, "काका, तुम्ही जेवलात का?" मी म्हटलं, "जेवलो." त्यानंतर मी त्या घरी गेलो नाही. फोनही केला नाही. पहिल्या वर्षी त्यांचे दोन आले, मी उचलले नाहीत.

माझ्या बायकोला वाटलं, जोडीदार गेल्याचं दुःख आहे, निवळेल. ती रविवारी विहारात जाताना मला चला म्हणायची. मी जायचो, मांडी घालून बसायचो, सगळ्यांबरोबर हात जोडायचो, परत यायचो. दुःख असतं तर बरं होतं. मुलगा पुण्यात नोकरीला लागला, पहिल्या पगाराचे पेढे घेऊन आला. मी पेढा खाल्ला आणि "छान झालं" म्हणालो. त्याने विचारलं, "पप्पा, बरं वाटत नाही का?" "बरं आहे की."

आठ महिन्यांनी घरचा पंखा जळाला. त्याचं वाइंडिंग करून घ्यायला मी साकीनाक्याला गेलो. तिथल्या गल्ल्यांत एका बाजूला लेथची आणि वेल्डिंगची दुकानं, दुसऱ्या बाजूला भंगाराची. पंखा द्यायला दोन तास लागतील म्हणाले, म्हणून मी फिरत होतो. एका भंगारवाल्याच्या दारात कंदील पडले होते. एकावर एक, आडवेतिडवे. मी उभा राहिलो. जवळ जाऊन टोपी बघितली, बुडाची भोकं बघितली. आमच्याच पान्याने सोडवलेल्या बोल्टांची भोकं. तेच होते.

दुकानदार म्हातारा होता, उत्तरेकडचा. म्हणाला, "चौदह आए थे. तीन एक होटलवाला ले गया. क्या करोगे चाचा?"

मी म्हटलं, "घर में लगाऊंगा."

"एक ले जाओ फिर."

मी एक घेतला. कुठला घ्यायचा ते बघायला मी सगळे उलटेपालटे केले. एकाला तडा होता, तो पहिल्या दिवशीचा, लाथ लागलेला. म्हणजे मी भिंतीकडे नेलेला तो हा नव्हे. बाकीचे सारखे दिसत होते. दोरीचा वळ, हाताचा ठसा, काहीतरी असेल असं वाटलं. आठ महिने धूळपाऊस खाल्लेल्या पत्र्यावर काय राहणार? शेवटी हाताला आला तो उचलला आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो. पंखा तिथेच राहिला, तो दुसऱ्या दिवशी जाऊन आणला.

बायको म्हणाली, "हे काय आणलंत?"

"कंदील आहे. रस्त्यावरचा."

"ते दिसतंय. कशाला?"

"चांगला आहे म्हणून."

तिने तो दोन्ही हातांनी उचलून बघितला. म्हणाली, "जड आहे." आणि पोटमाळ्यावर जागा करून दिली.

पुढच्या आठवड्यात दुसरा आणला. मग तिसरा. सहासात महिन्यांत उरलेले अकराही आणले. प्रत्येक वेळी वाटायचं, हा असेल. घरी आणला की वाटायचं, हा नसेल, पुढचा असेल. अकरावा आणला तेव्हा वाटलं की हॉटेलवाल्याने नेलेल्या तिघांतलाच एखादा असेल. त्या हॉटेलचा पत्ता दुकानदाराला माहीत नव्हता. मी अंधेरीची बरीच हॉटेलं दुपारच्या वेळी बाहेरून बघितली. सापडले नाहीत.

मग मी इतर दिवे आणायला लागलो. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. रविवारी कुठे जायचं ते ठरलेलं असलं की बरं पडायचं, एवढं खरं. अंधेरीच्या एका गावठाणात भिंतीतून बाहेर आलेली वाकडी नळी आणि तिच्या टोकाला एनॅमलच्या पत्र्याची ताटली होती, आत बल्ब. असे दिवे पूर्वी गल्लोगल्ली असायचे. घरातल्या बाईंनी मला तो फुकट दिला, बदल्यात व्हरांड्यातली जळकी वायर बदलून घेतली. दहिसरला नदीकाठच्या चाळीत एकाकडे घासलेटवर चालणारा खांबावरचा जुना कंदील होता, पितळेच्या बर्नरसकट. तो देईना. मी तीनदा गेलो. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "तुम्हाला दिवा हवाय की बसायला कोणी हवंय?" मी परत गेलो नाही. चौथ्या आठवड्यात त्यानेच फोन करून बोलावलं आणि दिला. म्हणाला, "माझा पोरगा नाहीतर ऑनलाइन विकेल."

मी ते साफ करायला शिकलो. जुना रंग आधी खरवडायचा, पत्र्याला बारीक पॉलिश पेपर मारायचा, काचा ओल्या वर्तमानपत्राने पुसायच्या. सुटलेल्या काचा पुट्टीने परत बसवायच्या. हात चालत असले की डोकं गप्प बसायचं. दिवे मी कधी लावले नाहीत. बायकोने एकदा विचारलं, "एखाद्यात बल्ब घालून बघायचा का?" मी म्हटलं, "बघू." ते तसंच राहिलं. जोडीदार गेल्यानंतर दोन वर्षांनी गुडघ्यांनी साथ सोडली. आता मी खालच्या एका सोसायटीत इलेक्ट्रिकची किरकोळ कामं बघतो. शिडी लागेल असं काम घेत नाही.

अशी सात वर्षं गेली.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी दुपारी दारात एक बाई उभी राहिली. टेकडीच्या पायऱ्या चढून दमली होती, दाराची चौकट धरून श्वास घेत होती. केस पांढरे झाले होते, म्हणून मी क्षणभर ओळखलं नाही. ती म्हणाली, "भावोजी, घर बदललं नाहीत, बरं केलंत. नाहीतर सापडलं नसतं."

मी उठून उभा राहिलो. बायकोने तिला आत घेतलं, पाणी दिलं. वहिनी खुर्चीवर बसल्या आणि पिशवीतून लग्नाची पत्रिका काढली. मुलीचं लग्न ठरलं होतं. कांदिवलीलाच हॉल घेतला होता. "ह्यांच्या कामावरचं कोणीतरी यायला पाहिजे," त्या म्हणाल्या. "तुमच्याशिवाय मला कोण माहीत आहे?" पत्रिकेवर हळदकुंकवाची बोटं होती. मी ती दोन्ही हातांनी घेतली.

बायको चहा टाकायला गेली. वहिनींनी खोलीत नजर फिरवली आणि ती वर गेली. "हे काय?"

"कंदील. जमवतो मी."

"रस्त्यावरचे?"

"हो."

"कुठल्या रस्त्यावरचे?"

मी "असेच, कुठले कुठले" म्हणू शकलो असतो. शब्द तयार होते. पण मी म्हटलं, "मुलुंडच्या गल्लीतले. त्याच."

ओट्यापाशी बायकोचा हात थांबला. तिलाही हे माहीत नव्हतं.

वहिनींनी बोटाने वरचे कंदील मोजले. मग म्हणाल्या, "ते उतरवत होते तो कुठला?"

"माहीत नाही वहिनी."

"म्हणजे?"

"खूण केली नव्हती. सगळे सारखे आहेत. तीन दुसरीकडे गेले. कदाचित ह्यात नसेलही."

"खाली काढा," त्या म्हणाल्या. "मला बघायचेत."

मी पोटमाळ्याच्या लोखंडी पायऱ्यांवर चढलो. एकेक कंदील उचलून खाली देत गेलो, बायको घेत गेली. वहिनी मध्येच उठल्या आणि त्याही घ्यायला लागल्या. अकरा कंदील खाली आल्यावर खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. मी शेवटच्या पायरीवर बसलो, बायको ओट्याला टेकून उभी, वहिनी खुर्चीत, आणि मध्ये सगळे कंदील. दाराच्या उजेडात काचा चमकत होत्या.

मग मी सांगितलं. फार काही नव्हतं सांगायला. तो वर होता, मी शिडी धरून होतो, त्याने कंदील खाली सोडला, भिंतीकडे ठेव म्हणाला, मी शिडी सोडून चार पावलं गेलो. "शिडी सरकली तेव्हा मी धरलेली नव्हती. कंदील धरला होता. मी तुम्हाला नुसतं शिडी सरकली म्हणून सांगितलं."

बोलताना माझा आवाज नेहमीसारखाच होता. मुकादमाला कामाचा हिशेब देतो तसा. मला वाटत होतं की आता काहीतरी होईल. काही झालं नाही. ओट्यावर चहा उतू गेला, बायकोने गॅस बंद केला.

वहिनींनी विचारलं, "शेवटचं काय बोलले ते?"

"सांभाळ रे, काच फुटतली."

त्यांनी मान हलवली. "घरातही हेच. काचेचा ग्लास कोणी उचलला की हेच. पोरगी चिडवायची त्यांना." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा आवाज बदलला. "माका आदी कित्याक नाय सांगितलात?"

मी पायाशी आलेला एक कंदील जरा सरकवला.

"सात वर्षं! मला वाटायचं, ह्यांचाच पाय घसरला असेल. गडबड केली असेल. मी त्यांच्यावर रागावून बसले होते, भावोजी. तुला सांभाळून चढता येत नव्हतं का, म्हणून फोटोशी भांडायचे मी. आणि तुम्ही इथे कंदील गोळा करत बसलात."

"हो."

"फोन उचलत नव्हतात तो ह्यासाठीच."

"हो."

"नुसतं हो काय?" त्या उठल्या. कंदिलांमधून वाट काढत दारापर्यंत गेल्या. साडीचा काठ एका कंदिलाच्या कडीला अडकला, तो त्यांनी वाकून सोडवला, ओढला नाही. चप्पल घालताना त्या म्हणाल्या, "तुम्ही धरली असतीत तरी पडले असते कदाचित. मला काय माहीत. पण तेव्हाच सांगायला हवं होतं." आणि पायऱ्या उतरून गेल्या. चहा तसाच राहिला.

बायकोने ओटा पुसला. आम्ही दोघांनी कंदील परत वर चढवले. शेवटचा कंदील वर देताना ती म्हणाली, "मलाही सांगितलं नाहीत." मी म्हटलं, "नाही सांगितलं." त्यानंतर पाचसहा दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. जेवायला वाढायची, पाणी भरायची. सातव्या दिवशी तिने पत्रिका कपाटातून काढून पुन्हा वाचली आणि म्हणाली, "पुढच्या रविवारी आहे. साडी इस्त्रीला टाकते."

"जायचं?"

"पत्रिका परत घेतली का त्यांनी?"

आम्ही गेलो. कांदिवलीचा हॉल, पहिल्या मजल्यावर, खाली गाड्यांची दुकानं. वऱ्हाड यायचं होतं. वहिनी हिरव्या साडीत सगळीकडे फिरत होत्या. आम्हाला बघून त्या थांबल्या. माझ्या बायकोचा हात धरला. मला म्हणाल्या, "आलात. बसा." मग कोणीतरी बोलावलं म्हणून गेल्या.

मुहूर्त झाला, अक्षता पडल्या. मुलगी बापासारखी दिसते, कपाळ तसंच रुंद. जेवायच्या आधी वहिनी मला नवऱ्यामुलाच्या वडिलांकडे घेऊन गेल्या. "हे ह्यांच्या कामावरचे. अठरा वर्षं सोबत होते. ते गेले तेव्हाही हेच होते सोबत." त्या गृहस्थांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "फार मोठी गोष्ट आहे हो, शेवटपर्यंत साथ देणं." मी वहिनींकडे बघितलं. त्या दुसरीकडे बघत होत्या. बाजूला आल्यावर हळूच म्हणाल्या, "पोरीला मी सांगितलं नाही. सांगायचं असेल तर तुम्हीच सांगायचं. आज नको."

"कधी?"

"तुमचं तुम्ही ठरवा. मी सांगणार नाही."

आम्ही पंगतीला बसलो. वहिनी काय म्हणाल्या ते मी बायकोला सांगितलं. मसालेभात, बटाट्याची भाजी, वाटाण्याची उसळ, जिलबी. उसळीत ओल्या खोबऱ्याचं वाटण होतं, ते मला कळलं. तिखट होती. मी ताक मागून घेतलं. वहिनी वाढायला आल्या नाहीत, पण एकदा दुरून बघून एका माणसाला आमच्या पानांकडे पाठवलं. मी दुसऱ्यांदा भात घेतला.

स्टेजवर फोटोला गेलो तेव्हा मुलीने मला ओळखलं. "काका! इतक्या वर्षांनी. आता येत जा हं. आम्ही दहिसरला राहणार आहोत, नदीच्या बाजूला नवीन बिल्डिंग झालीय ना, तिथे." मी म्हटलं, "येतो." फोटोवाल्याने सगळ्यांना सरकून उभं राहायला सांगितलं. मी टोकाला होतो. "काका, जरा हसा," तो म्हणाला. मी हसलो असेन. फोटो मी पाहिलेला नाही.

चार वाजता आम्ही निघालो. बायकोच्या हातात ओटीचा नारळ आणि लाडवांचं पाकीट होतं. हॉलच्या समोरच बसथांबा होता. ऊन अजून बरंच होतं, थांब्याच्या शेडखाली एकच बाक, तिथे आम्ही बसलो.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "रडायला आलं का तुम्हाला?"

"नाही."

"मला आलं. मुलगी बापाच्या फोटोच्या पाया पडली तेव्हा."

"मी बघितलं नाही ते."

"तुम्ही तेव्हा पंख्याकडे बघत होतात."

मला आठवेना. असेनही. तिने नारळ माझ्याकडे दिला आणि पदर नीट केला. मग म्हणाली, "दहिसरला कधी जायचं?"

मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात बघू. त्यांचं घर लागू दे."

"बघू नाही. तारीख सांगा."

मी विचार केला. "दुसरा रविवार."

"मी पण येते."

"ये."

बस आली. गर्दी नव्हती, दोघांनाही बसायला मिळालं. ती खिडकीशी बसली. तिने पाकीट उघडून अर्धा लाडू मोडून मला दिला आणि अर्धा स्वतः खाल्ला.